दुरुस्तीची किल्ली कोणाच्या हाती?

रायगडच्या किनाऱ्यावर विजेच्या मोटारी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने त्या सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफीही दिली. गाडी अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत सुखाने पोचावी याची तजवीज झाली. ती तेथे बिघडली तर काय, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

वातानुकूलन यंत्रणा बिघडली म्हणजे ही उणीव विशेष जाणवते. थंड हवा ही सुखवस्तूंची चैन, तिची एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पेट्रोलच्या गाडीपुरते ते एकवेळ मान्य करता येईल. परंतु विजेच्या अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही याच यंत्रणेकडे असते. ती बंद पडली की बॅटरीच्या रक्षणासाठी गाडी जलद चार्जिंगचा वेग उतरवते आणि प्रसंगी स्वतःची शक्तीही आखडती घेते. पर्यटकांवर पोट असलेल्या टॅक्सीचालकाच्या दृष्टीने ही चैन नव्हे, रोजीरोटी आहे.

वास्तविक बिघाडाचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक असते. गाडीच्या तोंडाशी असलेला कंडेन्सर पातळ ॲल्युमिनियमचा असतो. खाऱ्या हवेने त्याला बारीक छिद्रे पडतात, वायू झिरपतो, दाब उतरतो आणि तो दाब मोजणारा सेन्सर कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. कधी पंखा बंद असतो, कधी फ्यूज गेलेला असतो, तर कधी तारेच्या जोडणीवर क्षार चढलेला असतो. निदानाची रीत जुनीच आहे: दाब पाहावा, नायट्रोजन भरून गळती शोधावी, सदोष भाग बदलावा, यंत्रणा निर्वात करावी आणि मग वायू तोलून भरावा. गळती न शोधता नुसता वायू भरणे ही दुरुस्ती नव्हे, ग्राहकाची आणि निसर्गाचीही फसवणूक आहे. आर-१३४ए हा प्रचलित वायू कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट तापदायक आहे, आणि अशा वायूंचा वापर उतरवण्याचा किगाली करार भारताने २०२१ मध्ये मान्य केलेला आहे.

मासेमारीच्या होड्यांवर डिझेल इंजिने आली तेव्हा त्यांची विद्या किनाऱ्यावरच्या मिस्त्रींनी आत्मसात केली. बर्फाच्या कारखान्यांमुळे शीतकरणही येथे अपरिचित नाही. मग आजच अडते कोठे?

पहिली अडचण खरोखरच धोक्याची आहे. पेट्रोलच्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. विजेच्या गाडीत त्याला स्वतःची मोटर असते आणि ती मुख्य बॅटरीवर, बहुधा तीनशे व्होल्टच्या पुढे, चालते. नारिंगी आवरणाच्या त्या तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचा पुरवठा तोडावा लागतो, साठलेला विद्युतभार उतरेपर्यंत थांबावे लागते आणि विद्युतरोधक हातमोजे घालून, वीज उरली नसल्याची मापकाने खात्री करावी लागते. कॉम्प्रेसरमधील तेलही निराळे, वीज वाहू न देणारे असते. नेहमीच्या गाडीचे तेल चुकून मिसळले तर विद्युतरोध घटतो आणि सुरक्षा यंत्रणा गाडीच बंद ठेवू शकते. तेव्हा अर्धवट ज्ञानावर येथे भागणार नाही, हे उत्पादकांचे म्हणणे रास्त आहे.

दुसरी अडचण मात्र मानवनिर्मित आहे. दोष कोठे आहे ते गाडीचा संगणक जाणतो. परंतु त्याची भाषा वाचणारे साधन, जोडणीचे आराखडे आणि सुटे भाग बहुधा अधिकृत केंद्रांच्याच कपाटात असतात. त्यामुळे एखाद्या सेन्सरपायी श्रीवर्धनची गाडी पनवेल-मुंबईकडे न्यावी लागते, आणि गावचा मिस्त्री अज्ञानामुळे नव्हे, तर मज्जाव असल्यामुळे बाजूला पडतो.

हा मज्जाव कायद्याला मान्य नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना नेमक्या याच कारणास्तव अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र मिस्त्रींना उपलब्ध करून देण्यास बजावले. कंपन्यांनी अपिलांचा मार्ग धरला. युरोपात २००७ च्या नियमाने, तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ च्या कायद्याने दुरुस्तीची माहिती खुली करण्यात आली. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले आणि मोटारींचा त्यात समावेश केला. परंतु माहिती देणे ऐच्छिक राहील तोवर हा हक्क कागदावरच राहणार.

सुरक्षिततेचा मुद्दा खरा असेल, तर त्याचे उत्तर विद्या दडवण्यात नाही, ती देण्यात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विद्युत वाहन यांत्रिकीचा अभ्यासक्रम आखलेला आहे. जो मिस्त्री आज गॅरेज चालवतो, त्याच्यासाठी त्यातूनच उच्चदाब वीज आणि शीतकरण यांचा अल्पमुदतीचा वर्ग किनाऱ्यावरील तालुक्यांत काढता येईल. जो परीक्षा उतरेल त्याला प्रमाणपत्र द्यावे, आणि प्रमाणपत्रधारकाला वाजवी दराने साधने व आराखडे देण्याचे बंधन उत्पादकांवर घालावे. टोलमाफीच्या रूपाने राज्याची तिजोरी या मोटारींसाठी सैल होत असेल, तर त्या विकणाऱ्यांकडून एवढी अट पाळून घेणे गैर ठरणार नाही.

विजेच्या मोटारीने धूर कमी होईल हे खरे. परंतु तिने गावोगावच्या हुन्नरी हातांना बेकार केले आणि गाडीच्या मालकाला एकाच दारात उभे केले, तर त्या प्रगतीची किंमत किनाऱ्याने मोजलेली असेल. गाडी ज्याची, तिच्या दुरुस्तीची निवडही त्याचीच असली पाहिजे.