तीस सप्टेंबरचे दोन कागद

सप्टेंबर लागला की अंबरनाथ परिसरातल्या आनंदनगर, मोरिवली, माणकिवलीच्या कारखान्यांतून आपल्याला, म्हणजे लेखापालांना, एकाच चालीचे फोन सुरू होतात. "साहेब, टॅक्स ऑडिटचं कुठवर आलं?" त्याच कारखान्याचा आणखी एक कागद त्याच तीस सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचा असतो: फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. 1993 पासून ते दरवर्षी भरावे लागते. त्याचे वर्षही आपलेच, 31 मार्चला संपणारे. तरी या दोन कागदांची गाठ पडत नाही. एक आपल्या टेबलावरून जातो, दुसरा पर्यावरण सल्लागाराच्या.

त्या फॉर्मात 'जी' नावाचा एक भाग आहे. प्रदूषण रोखण्यासाठी केलेल्या उपायांचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, असे तिथे विचारलेले असते. प्रश्न सरळसरळ परिव्ययाचा, उत्तर मात्र केमिस्ट देतो. तेही बहुधा गेल्या वर्षीचेच वाक्य असते, फक्त साल बदललेले.

खर्चाचे सदर चुकीचे असले की काय होते, ते वालधुनीने दाखवले आहे. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी येणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथे टँकरमधून तिच्यात सोडलेल्या रसायनाने शेकडो लोकांना दवाखान्यात जावे लागले. त्या फेरीचे भाडे कुठल्या ना कुठल्या खतावणीत 'वाहतूक' या सदरात बसले असणारच. व्हाउचरही असेल. तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे जाणाऱ्या घातक कचऱ्याच्या प्रत्येक फेरीला मॅनिफेस्ट लागते, हे आपल्याला ठाऊक असते. पण व्हाउचर तपासताना ते मागतो कोण?

पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणासाठी इथली सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे (सीईटीपी) आणि पालिकांना मिळून सुमारे 95 कोटींचा भुर्दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सीईटीपीचा भार शेवटी सभासद कारखान्यांवरच येतो. तरी त्या मार्चअखेरीस आपल्यापैकी किती जणांनी ताळेबंदाखाली संभाव्य दायित्वाची टीप घातली? लेखामानक 29 आपल्याला पाठ आहे, पण ते आपण विक्रीकराच्या दाव्यांपुरतेच राखून ठेवतो.

आता तर अशा भुर्दंडाचा आकडा काढण्याची रीतही छापील आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात रेड गटाच्या उद्योगाचा निर्देशांक 80, सुचवलेला दर 250 आणि लहान उद्योगासाठी गुणक 0.5. स्थानगुणक 1 धरला तर दिवसाला 10,000 रुपये होतात, म्हणजे तीन महिन्यांचे नऊ लाख. लहान कारखान्याचे खेळते भांडवल तेवढ्याने कोलमडू शकते, आणि कॅश क्रेडिटच्या प्रस्तावात या जोखमीचा उल्लेखही नसतो.

पर्यावरण सांभाळणाऱ्या कंपन्या नफ्यातही बऱ्या असतात, असे संशोधनाचा हवाला देऊन सांगितले जाते. सँड्रा वॅडॉक आणि सॅम्युअल ग्रेव्हज यांनी 1997 मध्ये अमेरिकी कंपन्या तपासून सामाजिक कामगिरी आणि नफा यांचा संबंध दोन्ही बाजूंनी असल्याचे मांडले: आधी गाठीला पैसा असणाऱ्यांनाही असा खर्च परवडतो. ही दुसरी बाजू आपल्याकडे सोयीस्करपणे गाळली जाते. देयके चार-चार महिने अडकलेल्या मालकाला 'हरित व्हा, नफा वाढेल' हे सांगणे मला तरी क्रूर वाटते.

त्याच्या कामाचे शास्त्र वेगळेच आहे. जर्मनीत रुजलेली आणि 2011 मध्ये आयएसओ 14051 म्हणून मान्य झालेली पदार्थ-प्रवाह परिव्यय पद्धत गटारात गेलेल्या मालालाही एक उत्पादन मानते आणि कच्चा माल, वीज, मजुरी यांचा वाटा त्याच्या नावे टाकते. समजा, हजार किलोच्या बॅचमधले चाळीस किलो पाण्याबरोबर गेले आणि किलोचा भाव चारशे. सोळा हजार तिथेच वाहिले. मालकाच्या डोळ्यांत मात्र सीईटीपीचे बिल खुपते, कारण खतावणीत तेवढेच दिसते. उरलेले 'कच्चा माल वापर' या सदरात निमूट मिसळून गेलेले असते.

यासाठी नवे सॉफ्टवेअर नको. बारवी धरणाचे पाणी मीटरवर मोजून येते, एमआयडीसीचे बिल आपल्याच फाइलीत असते. फॉर्म पाचमधला पाणीवापर त्या बिलाशी जुळवून पाहिला, गाळाचे वजन तळोज्याच्या पावत्यांशी ताडले, की निम्मे काम झाले. (हे आकडे जुळत नाहीत तेव्हा मालक जितका गप्प होतो, तितका जीएसटीच्या नोटिशीनेही होत नाही.) टॅलीत 'सांडपाणी व कचरा' हे स्वतंत्र कॉस्ट सेंटर उघडायला अर्धा तास लागतो.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षक उद्या आपल्याच अशिलाच्या दारात उभा राहील आणि पाण्याची, मालाची बिले मागेल. त्याआधी, येत्या सप्टेंबरात फोन आला की गेल्या तीन वर्षांचे फॉर्म पाच मागवून घ्या. भाग 'जी' आधी वाचा.