वाटेचा अधिकार आणि पायांचे बळ

इंग्लंड हा देश आकाराने लहान. तरी त्याच्या भूमीचा पोत थोड्याथोड्या अंतराने पालटतो. दक्षिणेस खडूच्या पांढऱ्या टेकड्या, मध्यभागी चुनखडीच्या दऱ्या, पूर्वेस वाळूमिश्रित सपाटीवरील पाइनची वने, उत्तरेस ओसाड माळराने आणि सरोवरांभोवती उभे असलेले कातळी डोंगर. या सर्व भूमीतून जाड टायरांच्या माउंटन बाइकवर हिंडणे हा तेथील अनेक कुटुंबांचा आवडता छंद आहे. आठ वर्षांचे मूल, पन्नाशीतील गृहिणी, सत्तरीतील आजोबा आणि अंगात रग असलेला तरुण या चौघांनाही तेथे आपापल्या बळाची वाट मिळते. मात्र त्यासाठी दोन प्रश्न निरनिराळे विचारावे लागतात. या वाटेने सायकल नेण्याचा अधिकार आहे काय, हा पहिला. ती वाट आपल्या पायांना झेपेल काय, हा दुसरा. नवखा प्रवासी पहिल्याचे उत्तर तेच दुसऱ्याचे समजतो आणि तेथेच फसतो.

प्रथम अधिकाराविषयी. शेतांतून व कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांना इंग्लंडमध्ये कायद्याचे संरक्षण आहे. जमीन खाजगी असली तरी वाट सर्वांची. परंतु प्रत्येक वाट सायकलीसाठी खुली नाही. पिवळ्या बाणाची पाऊलवाट पायी चालणाऱ्यांची. निळ्या बाणाची वाट म्हणजे ब्रायडलवे, मूळची पादचाऱ्यांची आणि घोडेस्वारांची. १९६८ सालच्या कंट्रीसाइड अॅक्टने या वाटेवर सायकल नेण्याचा अधिकार दिला आणि त्याच कलमात एक अटही घातली. पायी चालणारा किंवा घोडेस्वार भेटला, तर सायकलस्वाराने त्यास आधी वाट द्यावी. जो वेगवान, त्याने थांबावे, असा हा न्याय आहे. सायकलींसाठी ही वाट सोयीची करून देण्याचे बंधन मात्र त्या कायद्याने कोणावरही घातलेले नाही. म्हणून निळ्या बाणाची वाट हिवाळ्यात चिखलाने भरलेली असू शकते, दगडगोट्यांची असू शकते, थेट पर्वतशिखरावरही जाऊ शकते. केझिक गावाजवळचा स्किडॉ हा ९३१ मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या माथ्यावर जाणारी वाट ब्रायडलवेच आहे. तो चढ आणि त्याहून बिकट तो उतार अनुभवी सायकलस्वाराचीही कसोटी पाहतो.

आता झेपण्याविषयी. सरकारी वनांमध्ये सायकलींसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटा आहेत आणि त्यांवर रंगांनी अवघडपणाची प्रत दाखवलेली असते. हिरवी वाट सोपी, निळी मध्यम, लाल कठीण, काळी अतिशय कठीण. हिरव्या वाटेवर रुंद व बसकी जमीन असते. निळीवर अरुंद वळणे आणि लहान चढउतार येतात. लाल वाटेवर मुळे, दगड, पायऱ्यांसारखे टप्पे व तीव्र उतार असतात. तेथे सायकलीवर चांगला ताबा हवा. काळी वाट निष्णातांची. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रायडलवेचा निळा बाण केवळ अधिकार सांगतो. वनातील निळी खूण अवघडपणा सांगते. रंग एकच, अर्थ दोन. हा भेद ठाऊक नसलेले कुटुंब निळा बाण पाहून निर्धास्तपणे निघते आणि मध्येच मुलांसह अडकून पडते.

वनांतील या वाटांची काही ठिकाणे नावाजलेली आहेत. स्टॅफर्डशरमधील कॅनक चेस येथे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांतील माउंटन बाइकच्या शर्यती झाल्या. त्याच वनात सामान्य कुटुंबांसाठीही सौम्य वाटा आहेत. नॉर्थम्बरलंडमधील किल्डर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे वन. तेथील विस्तीर्ण जलाशयास वेढा घालणारी लेकसाइड वे ही वाट ४२ किलोमीटरांची आहे. ती पूर्ण करण्याचा आग्रह न धरता काठाकाठाने थोडे जाऊन परतता येते. याच परिसरात कसलेल्यांसाठी काळ्या प्रतीची वाटही आहे. केझिकजवळच्या व्हिनलॅटर वनात निळी व लाल अशा दोन्ही प्रतींच्या वाटा असून उंचीवरून सरोवरांच्या प्रदेशाचे दर्शन घडते.

ज्यांना चढ नकोच, त्यांच्यासाठी इतिहासाने आणखी एक देणगी ठेवली आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ब्रिटनमधील अनेक लोहमार्ग बंद झाले. आगगाडीस तीव्र चढ चढवत नाही; त्यामुळे हे मार्ग डोंगराळ भागातही जवळजवळ सपाट बांधलेले होते. रूळ निघाले आणि त्या जागी सायकलींच्या उत्तम वाटा झाल्या. पीक डिस्ट्रिक्टमधील टिसिंग्टन ट्रेल ही अशा आरंभीच्या वाटांपैकी एक. ती १९७१ साली खुली झाली आणि तिची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे. बेकवेलजवळची मॉन्सल ट्रेल सुमारे १४ किलोमीटरांची. तेथील लोहमार्ग १९६८ सालीच बंद झाला; परंतु वाटेवरील बोगदे कित्येक वर्षे बंद होते. २०११ साली ते दिवे लावून खुले केले गेले, तेव्हा कोठे ही वाट सलग झाली. दरीवरील उंच कमानींच्या पुलावरून खाली नदी पाहत लहान मूलही येथे निर्भयपणे सायकल चालवते. या भागातील सायकलकेंद्रांत मुलांच्या सायकली, मागे जोडायच्या गाड्या आणि अपंगांसाठी बदल केलेल्या सायकली भाड्याने मिळतात.

याच्या अगदी उलट टोकास साउथ डाउन्स वे आहे. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटर ही वाट खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाते. एकएक टेकडी उंच नाही. परंतु चढउतारांची बेरीज दमवणारी आहे. तयारीचे सायकलस्वार दोनतीन दिवसांत ती पुरी करतात. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि त्यातील गारगोटीचे तुकडे टायर चिरतात. म्हणून जादा ट्यूब जवळ बाळगावी. शेवटी आल्फ्रिस्टन गावाशी वाटेला दोन फाटे फुटतात. समुद्रकड्यांवरून जाणारा प्रसिद्ध फाटा केवळ पादचाऱ्यांचा आहे. सायकलस्वारांनी जेव्हिंग्टनमार्गे आतल्या बाजूने जावयाचे. शंभर मैलांचे श्रम करून आलेल्यासही येथे नियम सुटत नाही. मात्र ज्यास ते कडे पाहावयाचेच आहेत, तो सायकल ठेवून पायी जाऊ शकतो.

लेस्टर किंवा लंडन येथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांकडे उन्हाळ्यात जाणारी कुटुंबे आता थोडी नाहीत. लेस्टरहून पीक डिस्ट्रिक्ट किंवा कॅनक चेस येथे मोटारीने जाऊन एका दिवसात परतता येते. वयस्करांना विजेच्या साहाय्याची सायकल उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये २५० वॉटपर्यंतची, पॅडल मारल्यावरच साहाय्य देणारी आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरांच्या पुढे ते साहाय्य थांबवणारी सायकल कायद्याने साध्या सायकलीसारखीच मानली जाते. चालवणाऱ्याचे वय मात्र किमान १४ असावे लागते. जून महिन्यात रात्री नवापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो; हा हिशेब निघतानाच करावा. टेकड्यांवर लांबवर दुकान नसते, म्हणून पाणी व डबा जवळ असावा. शेताचे फाटक जसे सापडेल तसे ठेवावे, बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. कारण त्यामागे कुणाची तरी मेंढरे असतात. घोड्याजवळून जाताना लांबूनच हाक द्यावी, वेग आवरावा, वेळप्रसंगी उतरून उभे राहावे.

वाट निवडताना घरातील तरुणांचा उत्साह पुढे धावतो आणि बहुतेक वेळा तोच निर्णय करतो. लाल वाटेवर निघालेल्या कुटुंबातील एकजण तरी मग भीतीने किंवा थकव्याने मागे राहतो आणि त्याची लाज वाटून बोलत नाही. हे टाळणे सोपे आहे. कायद्याने ब्रायडलवेवर जो क्रम लावला आहे, तोच कुटुंबात लावावा. जो सर्वांत मंद, त्याचा विचार प्रथम. सायकली भाड्याने घेण्यापूर्वी नकाशा त्याच्यापुढे ठेवावा आणि रंग त्यालाच निवडू द्यावा. तरुणांना आणखी रग जिरवावयाची असेल, तर दुपारनंतर लाल वाट त्यांच्यासाठी आहेच.