सोल्नोकची चित्रवही

मला लिहायला बसायचे म्हणजे घरात आधी दवंडी पिटावी लागते. टीव्ही बंद, मुलांचा गलका बंद, चहा हाताशी! एवढी बडदास्त राखली तरच आमची लेखणी हलणार. ‘कलेला स्वस्थता लागते,’ हे मी सौभाग्यवतींना पुष्कळदा ऐकवले आहे. यंदा आमोश इम्रे या चित्रकाराची हकिगत वाचली आणि ते वाक्य मुकाट्याने मागे घेतले.

हंगेरी म्हटले की आपल्याला १९१३ साली बुडापेस्टला जन्मलेली अमृता शेरगिल आठवते. आमोश तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. ईशान्य हंगेरीतल्या नॉजकाल्लो गावी १९०७ साली एका ज्यू घरात तो जन्मला. वडील लवकर वारले. पोर आजोबांच्या घरी वाढले. तिथले सणवार पुढे त्याच्या चित्रांत उतरले. बुडापेस्टच्या कलाशाळेत तो शिकला. मार्गिट आन्ना ही त्याची बायकोही चित्रकारच. १९३७ साली दोघे पॅरिसला जाऊन थोर चित्रकार मार्क शागाल यांना भेटले. उन्हाळ्यात डॅन्यूबकाठच्या सेंटेंद्रे गावी राहावे, चित्रे काढावीत, असा संसार रंगू लागला होता.

आणि १९४० पासून त्याला सक्तीच्या मजुरीवर धाडण्यात येऊ लागले. ज्यू तरुणाच्या हाती बंदूक द्यायची नाही, कुदळ-फावडे द्यायचे, असे तिथल्या सरकारचे धोरण! घरी यावे, कुंचला हाती घ्यावा, की पुन्हा बोलावणे. त्याच्या चित्रांतली घरे पेटू लागली. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. त्या वर्षी सोल्नोकच्या मजूर-छावणीत त्याने एक वही चित्रांनी भरली. तीच अखेरची. पुढे जर्मनीतल्या छळछावणीत त्याचा अंत झाला. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

वही मात्र वाचली. मार्गिट १९९१ पर्यंत जगली, चित्रे काढीत राहिली. सेंटेंद्रेला आज दोघांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्याच्याच अंगणात तिची समाधी आहे.

छावणीत त्या माणसाला कोणी ‘जरा शांतता राखा हो’ म्हणून दिले असेल? उद्या ही वही कोणी पाहील, एवढीही खात्री त्याला नव्हती. तरी तो काढीत राहिला.

हा मजकूर मी मुलांच्या गलक्यातच लिहिला आहे. कुठे विस्कळीत वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. टीव्हीला मात्र यंदा मी दोष देणार नाही.