वल्ही तरुण हातांत द्या

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी नाते सांगणारे चार किल्ले आहेत. त्यांचे तट, बुरूज आणि दरवाजे यांची निगा आता अधिक काळजीने राखली जाईल, आणि ती राखली जायलाच हवी. पण आरमार म्हणजे तटबंदी नव्हे. ज्या गुराबा, गलबते आणि मचवे या किल्ल्यांच्या आसऱ्याला येत, ते आता चित्रांत आणि जुन्या कागदपत्रांत उरले आहेत. त्यांच्या वंशातल्या शिडाच्या होड्या कोकणच्या बंदरांत परवापरवापर्यंत होत्या. आधी इंजिन आले, मग लाकडाच्या जागी फायबर आले आणि त्याही दिसेनाशा झाल्या. मासेमारी करणाऱ्याने इंजिन घेतले यात त्याचे काहीच चुकले नाही. पोट आधी भरावे लागते. मात्र वारा फिरला की शीड कधी उतरवायचे, ओहोटीच्या ओढीत खाडीच्या तोंडाशी होडी कशी सांभाळायची, हे अंगात मुरलेले ज्ञान ज्यांच्याकडे आहे ते तांडेल आता थकले आहेत. माझे म्हणणे असे की ही विद्या वाचवायची असेल तर होडी काचेआड ठेवून भागणार नाही. ती सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींच्या हाती द्यावी लागेल, एकट्यादुकट्याच्या नव्हे तर दहा-बारा जणांच्या चमूच्या. त्यातून होडी वाचेल हे खरेच, पण मुलांच्या पदरात जे पडेल ते त्याहून मोलाचे असेल.

असे घडू शकते याचा चांगला दाखला आयर्लंडमध्ये आहे. डिसेंबर 1796 मध्ये सुमारे पंधरा हजार सैनिक घेऊन एक फ्रेंच आरमार ब्रेस्टहून निघाले. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठू पाहणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांना मदत करायची होती; त्यांचा पुढारी वुल्फ टोन याच ताफ्यात होता. बँट्रीच्या उपसागरात वादळाने या मोहिमेची वाताहत केली. सैन्य उतरलेच नाही, आणि ‘रेझोल्यू’ नावाच्या फ्रिगेटची एक लांबट होडी मात्र किनाऱ्यावर मागे राहिली. बँट्रीच्या जमीनदारांच्या वाड्यात ती जवळपास दीडशे वर्षे पडून होती, नंतर आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. तिथेच तिची कहाणी थांबली असती. पण 1980च्या दशकात दोन माणसांनी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. एक होते लान्स ली, अमेरिकेतल्या मेन राज्यात तरुणांना लाकडी होड्या बांधायला शिकवणारे. दुसरे बर्नार काडोरे, फ्रान्समध्ये सागरी संस्कृतीला वाहिलेले ‘शास-मारे’ हे नियतकालिक चालवणारे. या होडीच्या मोजमापांवरून तशाच होड्या बांधायच्या आणि त्या निरनिराळ्या देशांतल्या तरुणांनी चालवायच्या, अशी त्यांची कल्पना. 1986 मध्ये, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची शताब्दी साजरी होत असताना, फ्रेंच आणि अमेरिकी चमू न्यूयॉर्कच्या बंदरात अशा होड्यांतून प्रथम भेटले. त्यातून ‘अटलांटिक चॅलेंज’ ही स्पर्धा उभी राहिली. पुढे आयर्लंड, ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा, रशिया अशा देशांतही याच नमुन्याच्या होड्या बांधल्या गेल्या. दोनशे वर्षांपूर्वी जी होडी एका स्वारीचे साधन होती, तिच्या प्रतिकृती शत्रू-मित्र दोघांच्याही नातवंडांनी मिळून वल्हवल्या.

या होडीची रचना समजून घेतली की मुद्दा नीट कळतो. लांबी साडेअकरा मीटरच्या थोडी वर, रुंदी जेमतेम दोन मीटर, दहा वल्ही, तीन डोलकाठ्या आणि तेरा जणांचा चमू. इंजिन नाही. दहांतल्या एकाचा ठेका चुकला की त्याचे वल्हे शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळते आणि सगळ्या होडीचा वेग मोडतो. शिडाचे काम तर याहून नाजूक. पुढच्या दोन डोलकाठ्यांवरची शिडे अशी आहेत की वाऱ्याच्या उलट्या बाजूला वळताना प्रत्येक वेळी ती खाली घ्यावी लागतात, शीड ज्याला बांधलेले असते तो आडवा वासा डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो आणि शीड पुन्हा चढवावे लागते. तेवढ्यात बाकीच्यांनी आपले अंग दुसऱ्या बाजूला टाकायचे, कारण एवढ्या निमुळत्या होडीचा तोल बराचसा माणसांच्या वजनावरच राखला जातो. दोर एकाने सोडायचा, दुसऱ्याने धरायचा, तिसऱ्याने शीड कवेत घ्यायचे, सुकाण्यावरच्याने नेमक्या क्षणी हाक द्यायची. हाक उशिरा आली तर होडी वाऱ्याच्या तोंडावर नुसती डुलत उभी राहते. आपल्या कोकणी होडीच्या त्रिकोणी शिडालाही दिशा बदलताना असाच खटाटोप लागतो, म्हणून हे वर्णन आपल्याला परके वाटायचे कारण नाही. या स्पर्धेत नुसता वेग मोजत नाहीत हेही लक्षात घ्यावे. दोरकाम, पाण्यात पडलेल्याला उचलणे, धक्क्यावरून प्रवासी सन्मानाने होडीत घेऊन पुन्हा नीट उतरवणे, या सगळ्यांचे गुण असतात. बळकट दंडांचा एखादा मुलगा अशा होडीला जिंकून देऊ शकत नाही. शाळा-कॉलेजांत आपण मुलांना जे काही करायला लावतो, त्यात हा गुण असलेले फार थोडे आहे. परीक्षा एकट्याची, क्लास एकट्याचा, गुणपत्रिका एकट्याची. सांघिक खेळांतही एखादा तारा बाकीच्यांची उणीव भरून काढतो. होडीत तशी सोयच नसते.

याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या ध्यानात आले की जीवरक्षक होड्यांत तरुण आणि धडधाकट खलाशी आधी हाय खातात, आणि शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केलेले पिकल्या केसांचे खलाशी तगून राहतात. अंगात नुसती ताकद असून भागत नव्हते. समुद्राची सवय आणि सोबत्यावरचा भरवसा कमी पडत होता. होल्ट यांनी शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांच्याबरोबर 1941 मध्ये वेल्समधल्या एबरडोवी इथे एक शाळा काढली. तिचे नाव आउटवर्ड बाउंड. आज जगभर डोंगर-जंगलांत चालणाऱ्या साहस शिबिरांची ती एक मोठी आई आहे. होल्ट यांचा आग्रह असा की मुलांना खलाशी बनवणे हा हेतू नाही, समुद्राच्या निमित्ताने माणूस घडवणे हा आहे. एका व्यापारी माणसाने, युद्धाच्या धामधुमीत, आपली माणसे मरू नयेत म्हणून काढलेला हा निष्कर्ष आहे. छंदाच्या हौसेतून तो आलेला नाही. लान्स ली स्वतःही याच आउटवर्ड बाउंडच्या मेनमधल्या शाखेत काम केलेले होते, म्हणजे बँट्रीची होडी आणि एबरडोवीची शाळा या एकाच विचाराच्या दोन फांद्या आहेत.

आता कोकणाकडे येऊ. आपल्या बाबतीत चमूची होडी आणखी एक काम करू शकते, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. समुद्राची विद्या आपल्याकडे जातींत वाटली गेली. ती कोळ्यांकडे, गाबितांकडे, भंडाऱ्यांकडे, खारव्यांकडे, दालदी मुसलमानांकडे राहिली, आणि पुस्तकी शाळेने तिला कधी विद्या मानलेच नाही. ज्या मुलाला आभाळाचा रंग बघून वाऱ्याचा अंदाज येतो, त्याला भूगोलाच्या पेपरात त्याचे काही गुण मिळत नाहीत. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होता, दौलतखान होता. ते आरमार एका जातीचे किंवा एका धर्माचे नव्हते. भाषणांत आपण हे अभिमानाने सांगतो. मग रत्नागिरी किंवा मालवणच्या एखाद्या कॉलेजात राजिवड्यातला दालदी मुलगा, बाजारपेठेतल्या वाण्याची मुलगी, गाबित वस्तीतला पोरगा आणि घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकाचा मुलगा एका होडीत का बसू नयेत? तिथे शिकवणारा असेल एखादा निवृत्त तांडेल. त्याला मानधन द्यावे, आणि ते पाहुणा म्हणून शाल-श्रीफळासह नव्हे तर प्रशिक्षक म्हणून महिन्याच्या महिन्याला. मुलींबद्दल वेगळे सांगायलाच हवे. मासळीचा सगळा बाजार पेलणाऱ्या कोळणीला होडीवर मात्र क्वचितच जागा मिळाली. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यातच बांधलेली होती. त्यानंतर या किनाऱ्यावर मुलींना वल्ह्यापासून दूर ठेवण्याचे एकही सबळ कारण उरलेले नाही.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. असे काही घडले की शाळा पहिल्यांदा समुद्राचा रस्ताच बंद करतात. पालकांच्या काळजाचा प्रश्न आहे, त्याला हलके लेखता येणार नाही. पण तो प्रसंग नीट पाहिला तर उलटाच निष्कर्ष निघतो. समुद्रापासून दूरच्या शहरातली, भरती-ओहोटीची ओळख नसलेली मुले पाण्यात उतरली. समुद्र टाळून ती अजाणता जात नाही, वाढते. चमूच्या होडीत मुले आधी पोहायला शिकतात, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय पाय टाकत नाहीत, सोबत इंजिनाची दुसरी होडी असते, आणि हवा बिघडली की बाहेर न पडण्याचा निर्णय घेण्याची सवय लागते. हा शेवटचा धडा तर आपल्या पर्यटन बोटी चालवणाऱ्यांनीही गिरवावा असा आहे. पावसाळ्याचे चार महिने होडी बंदच असेल. ते महिने दुरुस्ती, रंगकाम आणि दोरकाम शिकण्याचे.

दुसरा आक्षेप पैशाचा. सागवान महाग आहे, आणि होडीसाठी झाडे तोडायची का, हा प्रश्न योग्य आहे. याचे उत्तर स्कॉटलंडने दिले आहे. तिथे 2010 च्या सुमारास स्कॉटिश फिशरीज म्युझियमच्या पुढाकाराने सेंट एल्स नावाची बावीस फुटी वल्ह्यांची होडी आखली गेली. शेटलंडजवळच्या फेअर आयल बेटावरच्या जुन्या होडीवरून तिचा आकार घेतला, पण साहित्य वापरले मरीन प्लायचे. कापलेल्या तुकड्यांचा संच गावात येतो आणि गावकरी मिळून तो जोडतात. गावागावांनी आपापली होडी बांधली, आणि आता त्यांच्या मोठ्या स्पर्धा होतात. म्हणजे परंपरेचा आकार आणि वळण राखून साहित्यात तडजोड करता येते. आपल्याकडेही पहिली एक-दोन होडकी साग-फणसाची, जुन्या पद्धतीने बांधून घ्यावीत, म्हणजे होडी बांधणाऱ्या सुताराचा हात चालता राहील. बाकीच्यांना प्लाय चालेल. किनाऱ्यावरच्या महोत्सवांच्या मंडपांवर आणि रोषणाईवर जे उधळले जाते त्यातला थोडा भाग इकडे वळला तरी एका तालुक्याची सोय होईल.

तिसरा आक्षेप कोळीवाड्यांतूनच येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. आम्हाला डिझेलचा परतावा हवा, मासळीला भाव हवा, पर्ससीन जाळीवाल्यांपासून संरक्षण हवे. तुम्ही आम्हाला शिडाची होडी काय देता? हे अगदी खरे आहे. चमूच्या होड्यांनी मासेमारीचे दुखणे बरे होणार नाही, आणि तसा दावा मी करत नाही. पण ज्या किनाऱ्यावरच्या तरुणांना आपल्या आजोबांच्या विद्येची लाज वाटत नाही, तो किनारा आपल्या हक्कांसाठी अधिक ठामपणे उभा राहतो, असे मला वाटते.

काही जण म्हणतील, हे सगळे आधीच चालू आहे. एनसीसीच्या नौदल शाखेतले कॅडेट ‘व्हेलर’ नावाची होडी वल्हवतातच की. वल्हवतात, आणि त्यांचे कौतुक आहे. पण व्हेलर हा ब्रिटिश नौदलाकडून आलेला नमुना. त्यातून शिस्त येते, कोकणच्या होडीची ओळख मिळत नाही. तर दुसरीकडे नौदलाची ‘कौंडिण्य’ आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रावरून, खिळे न ठोकता काथ्याच्या दोराने फळ्या शिवून गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ही नौका 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यामागची कल्पना आणि केरळच्या कारागिरांचे हात दोन्ही वंदनीय आहेत. मात्र एका मोठ्या नौकेवर कारागिरी टिकत नाही. कारागिरी टिकते ती दरवर्षी येणाऱ्या कामावर, आणि काम येते ते होड्या झिजल्या, मोडल्या, दुरुस्तीला आल्या म्हणजे. शंभर मुले वापरतात ती होडी सुताराला काम देते. समारंभातली देत नाही.

म्हणून पर्यटन, क्रीडा आणि शिक्षण या तिन्ही खात्यांना विनंती आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक किनारी जिल्ह्यातल्या एका तरी कॉलेजाला पुढच्या दोन वर्षांत एक होडी द्या, तिथल्याच नमुन्याची, तिथल्याच सुताराने बांधलेली, तिथल्याच तांडेलाच्या हाताखाली चालणारी. शर्यत लावायची तर नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवला की लावा, आणि बक्षीस पहिल्या येणाऱ्याला देण्याआधी ज्या चमूने आपली होडी सर्वांत नीट राखली त्याला द्या. कॉलेजच्या प्राचार्यांनी सरकारी आदेशाची वाट पाहू नये. जवळच्या बंदरावर जाऊन एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला आधी गाठावे, कारण आदेश उशिरा आला तरी चालेल, तो तांडेल तेवढा काळ थांबेलच असे नाही.