खेळांतील वैद्य

आमच्या कांजूरमार्गच्या बिऱ्हाडांत गेल्या दिवाळीपासून रविवारच्या वामकुक्षीचा योग उरलेला नाहीं. जेवणें आटोपलीं कीं थोरली नात, धाकटा नातू, आमच्या बंधूंचा नातू व शेजारच्या इमारतींतील एक मुलगा अशीं चौघें जणें दिवाणखान्यांत सतरंजी पसरतात. पवईच्या बाजूनें कॉलेजांत शिकणारा एक तरुण पाठीवर पिशवी अडकवून येतो. आणि मग दिवे लागेपर्यंत गुहा, राक्षस, मंतरलेलीं खड्गें व वीस पैलूंचे फांसे यांखेरीज दुसरी भाषा कानीं पडत नाहीं. प्रथम आम्हांस हा सारा पोरखेळ वाटला. मुलांच्या खेळांत खोड काढण्याची शिक्षकाची संवय निवृत्तीनंतरही सुटत नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत या खेळांत असा एक प्रसंग घडला कीं, त्यानें आम्हांस आमच्याच घराकडे निराळ्या दृष्टीनें पाहावयास लाविलें. तोच आज वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम खेळाची ओळख करून देणें जरूर आहे. त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत पट असलाच तर तो गौण. खरा खेळ बोलण्यांतून चालतो. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेतात. सूत्रधार सांगतो, "पुढें अंधारी गुहा आहे, आंतून घोरण्याचा आवाज येतो, काय करतां?" खेळाडूनें आपला बेत सांगावयाचा, फांसा टाकावयाचा, आणि जें दान पडेल तसें यशापयश पदरीं घ्यावयाचें. आपसांत हारजीत नाहीं. सर्वांनीं मिळून संकटांतून पार पडावें एवढाच हेतु.

याकरितां पात्रांचे गुण वांटून दिलेले असतात. मूळ खेळांत योद्धा, मांत्रिक व पुरोहित असे तीनच वर्ग होते. १९७५ च्या पुरवणींत चोराची भर पडली. योद्धा पुढें उभा राहून घाव झेलतो. मांत्रिक मागून अग्नीचा वर्षाव करितो, पण अंगानें नाजूक असतो. चोर कुलपें उघडतो व सांपळे हुडकतो. पुरोहिताच्या अंगीं इतरही सामर्थ्य असतें, परंतु त्याची मुख्य मागणी असते ती जखमा भरून काढण्यासाठीं; म्हणून आम्ही त्यास वैद्य म्हणूं. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावयाचें, हा या मेळाचा पाया. चौघेही योद्धे झाले तर कुलूप कोण उघडणार, आणि चौघेही मांत्रिक झाले तर पहिला घाव कोण झेलणार? ही योजना आमच्यासारख्या जुन्या माणसासही पटण्याजोगी आहे.

आतां तो प्रसंग. पहिल्या रविवारीं मुलग्यांनीं योद्धा, मांत्रिक व चोर हीं तिन्ही सोंगें झडप घालून उचललीं. उरला वैद्य, तो नातीच्या वांट्यास आला. तेव्हांपासून दर रविवारीं इतरांनीं राक्षसांचीं मुंडकीं उडवावीं आणि पाळी आली कीं तिनें म्हणावें, "मी याची जखम भरतें." पुढच्या पाळीस पुन्हां तेंच, फक्त जखमी निराळा. गेल्या महिन्यांतील एका रविवारीं ती पुस्तक घेऊन आंतल्या खोलींत जाऊन बसली. "आज मला अभ्यास आहे," म्हणाली. परीक्षा तर दूर होती. मुलगे तिच्यावांचून गुहेंत शिरले, आणि अर्ध्या तासाच्या आंत तिघेही त्या गुहेंत आडवे झाले! मग सारे दारापाशीं येऊन विनवूं लागले, "ताई, चल ना. तूं नसलीस कीं आम्ही मरतों."

ती पुस्तकांतून मान वर न करितां म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरूं नये एवढ्यासाठींच मी हवी. मला काय व्हायचें होतें, तें एकानें तरी विचारलें का?"

आम्हांस राहवलें नाहीं. शिक्षकी बाण्यास अनुसरून आम्हीं उपदेश आरंभिला, "अगं, ज्याच्यावांचून सर्वांचें अडतें तेंच काम श्रेष्ठ. वैद्याचा मान योद्ध्याहून मोठा." आमच्या घरांतील मंडळी पलीकडे बसून मेथी निवडीत होत्या. त्यांनीं शांतपणें विचारिलें, "अहो, एवढें श्रेष्ठ काम, तर त्याच्यासाठीं भांडण कां होत नाहीं?"

या प्रश्नास उत्तर आम्हांस सुचलें नाहीं, अजूनही सुचलेलें नाहीं. आम्हीं तो विषय सूत्रधार तरुणापाशीं काढिला. त्यानें सांगितलें कीं, ही अडचण खेळाइतकीच जुनी आहे, आणि नियम करणाऱ्यांनीं पन्नास वर्षें तिच्याशीं झटापट केली आहे. १९७४ च्या नियमांत नवशिक्या पुरोहितास पहिल्या पायरीवर एकही मंत्र मिळत नसे. पुढें मंत्र मिळाले, पण ते आधींच ठरवून ठेवावे लागत. साथीदार मरूं नयेत म्हणून बिचाऱ्यानें जखमा भरण्याचेच मंत्र योजावे आणि आपल्या हौसेचे बाजूस ठेवावे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें त्यास मोकळीक दिली कीं, हवे ते मंत्र योजून ठेव; वेळ आली तर त्यांपैकीं एक सोडून त्याऐवजीं जखम भर. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत रक्षक, प्रहारक, नायक व नियंत्रक अशा चार भूमिका उघडपणें नांवें देऊन मांडल्या. जखमा भरण्याचें काम नायकाकडे आलें, परंतु तें उरकून त्याच पाळींत त्याला शत्रूवर घावही घालतां येऊं लागला. शिवाय प्रत्येक पात्रास स्वतः सांवरण्याची स्वतःची शिल्लक मिळाली. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत तासभर विसांवा घेऊन ज्यानें त्यानें आपले फांसे टाकून आपली जखम भरावी अशी सोय झाली. औषधाची बाटली तर पन्नास सुवर्णमुद्रांस मिळते, आणि ती कोणीही आपल्या पिशवींत बाळगावी.

हें ऐकून आम्ही चकित झालों. मेळाचा समतोल म्हणजे चार पाटांवर चार माणसें बसविणें एवढाच अर्थ आम्हीं घेतला होता. नियम करणाऱ्यांनीं वैद्य काढून टाकिला नाहीं, कारण वैद्यावांचून चालत नाहीं. पण त्याच्या एकट्याच्या शिरावरील ओझें त्यांनीं हळूहळू सर्वांच्या पिशव्यांत वांटून दिलें.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. विराटपर्वांत अज्ञातवासाचें वर्ष आलें तेव्हां पांडवांनीं सोंगेंच घेतलीं: धर्मराज द्यूत जाणणारा कंक झाला, भीम बल्लव नांवाचा आचारी, अर्जुन नृत्य शिकविणारी बृहन्नडा, नकुलानें घोडे सांभाळले, सहदेवानें गाई. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, तें हें कीं, धर्मराजानें कामें वांटून दिलीं नाहींत. तूं कोणतें काम करशील, असें त्यानें एकेकास विचारिलें. द्रौपदीचा प्रश्न निघाला तेव्हां सैरंध्री होण्याचें उत्तर तिचें तिनेंच दिलें. पुढें कीचकानें तिचा छळ मांडिला, तेव्हां विचारून झालें म्हणजे कर्तव्य संपलें असें झालें नाहीं. पाकशाळा सोडून भीमास उठावें लागलें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांचीही हीच रीत. पंडितराव व न्यायाधीश हे दोघे वगळतां इतर सहा प्रधानांस प्रसंग पडल्यास फौज घेऊन जावें लागे. हिशेब पाहणाऱ्यानें तरवार धरूं नये असा तेथें दंडक नव्हता.

आतां घरचा हिशेब. गेल्या वर्षीं भाद्रपदांत आमच्या मंडळी आठ दिवस तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. घरांत आम्ही, आमचे बंधु व चिरंजीव असे तिघे धडधाकट पुरुष. पण तूरडाळीचा डबा कोणता, हें तिघांपैकीं एकासही ठाऊक नव्हतें. सूनबाई पहाटे उठून स्वयंपाक उरकीत, मग धांवत स्टेशन गांठून लोकल पकडीत आणि रात्रीं परतल्यावर पुन्हां ओट्यापाशीं उभ्या राहत. त्यावेळीं आम्हीं त्यांची मुक्तकंठानें स्तुति केली. स्तुतीनें डबा सांपडत नाहीं, हें आम्हांस गुहेंत पडलेल्या त्या तीन वीरांनीं शिकविलें.

त्या रविवारीं रात्रीं आम्हीं मंडळींस विचारिलें, "तुम्हांला काय व्हावेंसें वाटलें असतें?" चाळीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न आम्हीं प्रथमच केला. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "व्हायचें काय आतां! एकदां सर्वांबरोबर पहिल्या पंगतीला बसून तव्यावरची पोळी खावी, एवढें मात्र वाटतें."

पुढल्या रविवारीं चिरंजीवांनीं पोळ्या लाटल्या, बंधूंनीं भाजल्या व आम्हीं वाढल्या. एकही पोळी वाटोळी नव्हती. आमच्या हातून वरण दोनदां सांडलें. मंडळी व सूनबाई शेजारीं शेजारीं बसून जेवल्या. "तूप विसरलांत," एवढाच शेरा मिळाला. आतां महिन्यांतून दोन रविवार हा क्रम ठरला आहे, आणि डबे कोठें आहेत तें आम्हांस पाठ झालें आहे. दिवाणखान्यांतील मेळांतही फेरबदल झाला. नात आतां चोर झाली असून कुलपें उघडण्यांत तिचा हातखंडा आहे. वैद्यपण पाळीनें फिरतें, आणि प्रत्येकाच्या पिशवींत औषधाची एक बाटली असते.

आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें खो-खोचा संघ सांभाळिला. त्या खेळांत आठ जण रांगेनें बसलेले असतात आणि नववा धांवतो. बसलेल्याच्या अंगीं कितीही वेग असो, त्यास आपण होऊन उठतां येत नाहीं. धांवणाऱ्यानें मागून येऊन पाठीस हात लावावा, 'खो' म्हणावें, आणि त्याच्या जागीं स्वतः बसावें, तेव्हांच तो मोकळा होतो. हा नियम आम्हीं शेंकडों मुलांकडून पाळून घेतला. घरांत मात्र चाळीस वर्षें आम्ही धांवतच राहिलों, आणि कोणी बसलेलें आहे इकडे आमचें लक्षच गेलें नाहीं. वाचकहो, आपल्या घरांत कोण किती वर्षें बसून आहे तें एकदां पाहावें. खो धांवणाऱ्यानेंच द्यावयाचा असतो.