कॅसेटवर नाव लिहा!

'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा 2012 चा माहितीपट परवा आमच्या विंगमध्ये पाहिला. डेट्रॉइटचा गायक रॉड्रिगेझ. 1970 आणि 71 साली त्याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, पण अमेरिकेत त्यांना कुणी विचारलं नाही. तिकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र गाणी घराघरांत, आणि गायक मेला अशी अफवा! शेवटी चाहत्यांनीच गाण्यातल्या एका गावाच्या नावावरून त्याचा माग काढला. 1998 साली तो तिथे जाऊन गायला. पिक्चर संपल्यावर रूमपार्टनर म्हणाला, "यार, आपल्याकडे असं काही होत नाही."

मी म्हटलं, 6 डिसेंबरला माझ्याबरोबर शिवाजी पार्कात ये.

त्या दिवशी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. आपल्यातले बरेच जण 'दादरला गर्दी असते' एवढंच बोलून मोकळे होतात. पण पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी गाण्यांचेही स्टॉल असतात. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या. मी मागच्या खेपेला पेनड्राइव्ह घेतला. गाणी एकसे एक! पण फाइलींची नावं बघा: 'ट्रॅक 01', 'भीमगीत न्यू', 'जयभीम 7'. कवी कोण, गायक कोण, साल कोणतं, काही पत्ता नाही.

कवी निदान काही वेळा गाण्यातच सापडतो. वामनदादा कर्डक (1922-2004) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत गिरणीत राबले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि मग जन्मभर गावोगाव गात फिरले. गाणी रचली ती हजारोंनी. अभंगात असतं तसं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायची त्यांची रीत होती. लेबल फाटलं तरी 'वामन' उरतो. पण गायक? दादांची गाणी कितीतरी गायन पार्ट्यांनी म्हटली. त्या गळ्यांची नावं कुठल्या कडव्यात असणार?

दिवाळीत घरी माळ्यावर एक कॅसेट मिळाली. वर फक्त 'जयंती' लिहिलेलं. शेवटी 'वामन' ऐकू आला आणि मी उड्या मारल्या, वामनदादांचा आवाज सापडला! आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे दादा नाहीत रं. हा आपल्याच गावच्या पार्टीतला बुवा. लय रडवायचा." तो बुवा कधीच गेला. त्याचा आवाज ओळखणारी आमच्या घरात आता आजी एकटीच आहे.

शाहीर विलास घोगरे 1997 साली गेले. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (1985) आणि 'जय भीम कॉम्रेड' (2011) या माहितीपटांमुळे त्यांचा आवाज आज आपल्या वयाची मुलंही ऐकतात. कारण त्यांच्यासमोर कॅमेरा होता. रॉड्रिगेझची निदान रेकॉर्ड होती. आमच्या बुवाची एक कॅसेट, तीही माळ्यावर.

कुणी म्हणेल, खरखर ऐकायची कशाला, तीच गाणी डीजेवर छान वाजतात की. वाजू देत, मीही नाचतो. पण डीजेवर बुवा नाही.

तर मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार ना? मग सबमिशन संपल्यावर एवढं करा. घरी जाल तेव्हा माळा तपासा. प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसा, हेडफोनच्या सॉकेटमधून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला जोडा. एमपी3 नको, वेव्ह फाइल करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण 600 एमबी लागतात, आणि वेळ लागतो बरोबर एक तास. तेवढा तास आजी-आजोबांना शेजारी बसवा. ते सांगतील ते नाव, गाव आणि साल फाइलच्या नावातच लिहा.

टेप अजून काही वर्षं टिकेल. पण ओळखणारा माणूस गेला की उरतो तो 'ट्रॅक 01'. आमच्या बुवाचं नाव मी लिहून ठेवलंय. तुमच्या गावच्या बुवाचं कोण लिहिणार?