देव नको, देवांच्या गोष्टी हव्यात!

"देव मानत नाहीस ना? मग महाभारत कशाला वाचत बसतोस?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. श्रद्धाळू नातेवाइकांना वाटतं, पोरगा आज ना उद्या मार्गावर येणार. नास्तिक मित्रांना वाटतं, गडी घसरला! दोघांचंही गृहीतक एकच : या ग्रंथांकडे जाणारा रस्ता देव्हाऱ्यावरूनच जातो. मला नेमकं हेच पटत नाही.

सभापर्वातलं द्यूत घ्या. वस्त्रहरण म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? द्रौपदीचा धावा आणि साड्या पुरवणारा कृष्ण. आता पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती बघा. १९१९ साली काम सुरू झालं, १९६६ साली मूळ संहिता पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर हजारावर ब्रँचेसचा डिफ काढायचा, तोही कमिट लॉग नसताना! या आवृत्तीच्या मुख्य संहितेत वस्त्रं येत राहतात, पण कृष्णाचा धावा नाही. तो नंतरची भर ठरला. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, हा प्रसंगही तसाच बाहेर गेला.

धावा बाजूला झाला की द्रौपदीचा प्रश्न जास्त ठळक दिसतो. युधिष्ठिर आधी स्वतःलाच हरला असेल, तर मला पणाला लावायचा हक्क त्याच्याकडे उरलाच कुठे? भीष्मांसारखा माणूस म्हणतो, धर्म फार सूक्ष्म आहे, मला निवाडा देता येत नाही. विदुर आणि विकर्ण सोडले तर सभा गप्प. चमत्काराने लाज राखली, उत्तर काही दिलं नाही. ते आजही शिल्लक आहे, आणि ते शोधायला कृष्ण देव आहे की नाही हे आधी ठरवावं लागत नाही.

ही आवड माझी एकट्याची नाही. दामोदर कोसंबी हे गणितज्ञ, विचाराने मार्क्सवादी. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन टाटा इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे. हाच माणूस पुण्याच्या आसपास पायी हिंडून शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी धुंडाळत होता. त्यातून १९६२ साली 'मिथ अँड रिॲलिटी' आलं. कुठली देवी कुठल्या जुन्या वाटेवर बसली आहे यावरून त्यांनी लोक कसे वसले, कसे हिंडले याचा माग काढला. नुसतं "हे सगळं थोतांड" म्हणून ते घरी बसले असते, तर?

आम्हा नास्तिकांना एक सांगावंसं वाटतं. फक्त विसंगती वेचायला पुराण उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये फक्त बग मोजणं. तो कोड का लिहिला, कुणासाठी लिहिला, इतकी शतकं का चालला, हे कळत नाही ते नाहीच. आणि आपण हात झटकले की या गोष्टींचा अर्थ सांगायचं काम सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांकडे जातं. मग द्रौपदीचा प्रश्न विचारायला सभेत कुणी उरत नाही.

असो. नास्तिक असाल तर या वीकेंडला सभापर्व काढाच. नमस्कार न करता उघडलं तरी चालतं.